सूची कोणत्या प्रश्नाला उत्तर देते?

दादरचे शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली ते शिवाजी पार्क झाले आणि २०२० साली महापालिकेने 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असा नावाचा विस्तार केला. मैदान तेच, पण अकारविल्हे यादीत ते 'म'मधून 'श'मध्ये आणि तिथून 'छ'मध्ये गेले. 'शिवाजी'ने सुरू होणारी नावे अशा यादीत सलग सापडतात. ज्यांत 'शिवाजी' कुठेतरी मधे आहे, ती शोधायची तर यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

संगणकाची अडचण हीच. माहिती तक्त्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. बायर आणि मॅक्क्राइट यांनी 'बी-ट्री' ही सूचीची रचना १९७२ साली प्रसिद्ध केली. तिच्या प्रत्येक पानाला शंभर फाटे असतील, तर दहा लाख नोंदींतली हवी ती तीन पायऱ्यांत सापडते. मात्र नोंदी क्रमाने लावलेल्या असतात, आणि प्रश्न त्या क्रमाला धरून विचारावा लागतो. आयबीएमच्या 'सिस्टिम आर' प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ सालच्या निबंधात ही अट नेमकी मांडली: रकान्याची तुलना थेट एखाद्या किमतीशी हवी, आणि अनेक रकान्यांची सूची असेल तर सुरुवात पहिल्या रकान्यापासून हवी. आडनाव, मग नाव अशी सूची असेल, तर नुसत्या नावाने विचारून उपयोग नाही.

डेटाबेसच्या माहितीपुस्तिकांत मात्र 'रकान्यावर सूची करा, शोध जलद होईल' एवढेच पुष्कळदा आढळते. हे अर्धसत्य आहे. समजा, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखांची सूची आहे. 'जन्मतारखेतून काढलेले वर्ष २०१० आहे' अशी अट घातली, तर बहुतेक प्रणाली प्रत्येक नोंद उघडून तिचे वर्ष काढत बसतात. सूचीत तारखा आहेत, वर्षे नाहीत. 'तारीख १ जानेवारी २०१० किंवा नंतरची, आणि १ जानेवारी २०११ च्या आधीची' असे विचारले की तेच विद्यार्थी सूचीतून सलग मिळतात. प्रश्नाचा अर्थ एकच, पण वेळेत जमीन-अस्मानाचा फरक! पुस्तिकेत अशी दोन उदाहरणे शेजारी छापायला किती जागा लागते?

फेब्रुवारीत जन्मलेले सारे विद्यार्थी हवे असतील, तर ही युक्तीही चालत नाही. ते वर्षावर्षांत विखुरलेले असतात. त्यासाठी काढलेल्या महिन्याचीच वेगळी सूची करावी लागते. ओरॅकलने १९९९ साली आठव्या आवृत्तीत अशी सोय दिली. तिची किंमत अशी की, नवा विद्यार्थी दाखल झाला की त्याची नोंद दोन्ही सूच्यांत करावी लागते.