जन्माने गुन्हेगार? : १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि अनुवंश-परिस्थितीचा प्रश्न

मानवी वर्तन आणि व्यक्तिमत्त्व अनुवंशाने घडते की परिस्थितीने, हा प्रश्न मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच्या प्रकरणांत येतो आणि 'दोन्हींच्या आंतरक्रियेने' या उत्तरापाशी थांबतो. उत्तर बरोबर आहे. परंतु या प्रश्नाला एक असा इतिहास आहे, की ज्यात चुकीच्या उत्तराची किंमत लक्षावधी माणसांना मोजावी लागली. भारतात हा प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच कायद्याच्या पुस्तकात सोडवला गेला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे त्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या कायद्याची पूर्वपीठिका ठगांच्या बंदोबस्तात आहे. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा सदस्य असणे हाच शिक्षापात्र गुन्हा ठरविण्यात आला होता. १८७१ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले गेले. अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करण्याची सवय जडलेली कोणतीही जमात, टोळी अथवा वर्ग सरकारने अधिसूचनेद्वारे 'गुन्हेगार जमात' म्हणून घोषित करावा, त्यातील माणसांची नोंदवही ठेवावी, त्यांच्या हालचालींवर निर्बंध घालावेत, अशी तरतूद झाली. अधिसूचनेच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती. म्हणजे एखाद्याने काय केले हा प्रश्नच मागे पडला; तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पुरेसे ठरले.

या कायद्यामागे जीवशास्त्र होते, असा समज सर्वत्र आढळतो. तो कालक्रमाला धरून नाही. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला असला तरी १९०० पर्यंत तो विस्मृतीत होता. गुन्हेगार जन्मजात असतो असे मांडणारा इटालियन डॉक्टर लोंब्रोझो याचा ग्रंथ १८७६ चा, म्हणजे कायद्यानंतरचा. अनुवंश आणि संगोपन ही जोडी शास्त्रीय चर्चेत रूढ करणाऱ्या फ्रान्सिस गॉल्टनचे प्रतिभेच्या अनुवंशावरील पुस्तक १८६९ मध्ये निघाले होते खरे. पण त्यात तो इंग्लंडमधील न्यायाधीशांच्या घराण्यांत बुद्धिमत्ता कशी उतरते हे शोधत होता. (न्यायाधीशाच्या मुलाला वडिलांची ओळखपाळख, शिक्षण आणि पैसाही मिळतो, या गोष्टीला त्याने पुरेसे वजन दिले नाही.) कौन्सिलात विधेयकाच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद याहून वेगळा होता. या देशात विणकाम आणि सुतारकाम हे जातीचे पिढीजात धंदे आहेत. त्याच न्यायाने गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदा असला पाहिजे, असे त्याचे स्वरूप होते. हा सिद्धान्त रक्ताचा नव्हता, जातीचा होता. तो विलायतेतून आणावा लागला नाही. येथील समाजरचनेकडे पाहून राज्यकर्त्यांनी तो उचलला, आणि गावगाड्यातील प्रतिष्ठितांनाही तो पटण्यासारखा होता. कायदा अनेक दशके सुरळीत चालला, याचे एक कारण येथे शोधावे लागते.

या सिद्धान्तात परिस्थितीला स्थान नव्हते. वस्तुतः त्या काळात परिस्थितीच सर्वाधिक वेगाने बदलत होती. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांचा व्यापार १८५३ नंतर विस्तारत गेलेल्या रेल्वेने हिरावून घेतला. दक्षिणेतील कोरवांची हीच कथा मीना राधाकृष्ण यांनी आपल्या २००१ च्या ग्रंथात तपशिलाने मांडली आहे. १८७८ च्या वन कायद्याने जंगले सरकारी अखत्यारीत घेतली. फासे लावून शिकार करणाऱ्या पारध्याला आपल्याच रानात चोर ठरण्याची वेळ आली. उपजीविका गेलेला भटका माणूस गावाला उपरा आणि पोलिसाला संशयित वाटू लागला. त्यांच्यापैकी काहींनी चोऱ्या केल्या हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे स्पष्टीकरण वंशावळीत शोधणे हा सोयीचा मार्ग होता, कारण त्यामुळे रेल्वे, मीठ आणि जंगल यांविषयीच्या धोरणांवर कोणी बोट ठेवू शकत नव्हते.

१९११ मध्ये हा कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला आणि मुंबई इलाख्यात 'सेटलमेंट' उभ्या राहिल्या. सोलापूर, हुबळी, विजापूर, गदग ही त्यांची गावे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा आणि कापडगिरणीत राबायचे, असा तेथील दिनक्रम होता. गिरण्यांना मजूर मिळाले आणि सरकारला बंदोबस्त.

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. गुन्हा जन्मजात असेल तर सुधारणेचा खटाटोप कशासाठी? तरीही १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. मूल वेगळ्या वातावरणात वाढले तर वेगळे होईल, या गृहीताशिवाय या तरतुदीला अर्थ उरत नाही. म्हणजे आईबापांना कोंडण्यासाठी अनुवंशाचा आधार आणि मुलांना हिरावण्यासाठी परिस्थितीचा. परिस्थितिवाद हा नेहमीच उदार असतो, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हे कलम अवश्य लक्षात घ्यावे.

सेटलमेंटचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९३० चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. पुढे १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या लिखित भाषणात त्यांनी, जातिव्यवस्थेने वंशशुद्धी राखली आणि गुणसंवर्धन केले, हा सुप्रजननशास्त्राच्या नावाने केला जाणारा दावा फेटाळून लावला. १८७१ चा युक्तिवाद याच दाव्याची दुसरी बाजू होता.

आजचे आनुवंशिकीशास्त्र याविषयी काय सांगते? जुळ्यांच्या पन्नास वर्षांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार मानवी गुणवैशिष्ट्यांतील फरकांपैकी सरासरी ४९ टक्के फरक अनुवंशाशी निगडित आढळले. हा आकडा लहान नाही. मात्र तो एका समूहातील व्यक्ती-व्यक्तींमधील फरकांविषयी बोलतो, दोन समूहांमधील फरकांविषयी नाही. रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्या दृष्टान्ताने हा भेद स्पष्ट केला. तो आपल्याकडील पिकावर बसवून पाहता येईल. एकाच पोत्यातील ज्वारी काळ्या कसदार रानात आणि मुरमाड माळावर पेरली, तर प्रत्येक शेतातील ताटांच्या उंचीतला फरक बियाण्यामुळे असू शकतो. परंतु दोन शेतांतला फरक मातीचा असतो. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील २००२ च्या प्रसिद्ध अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. एमएओए या जनुकाची मंद क्रियाशील आवृत्ती तेथील एकतृतीयांशाहून अधिक पुरुषांत होती. ती असल्याने कोणी समाजविघातक झाला नाही. ती असून बालपणी छळही झाला, तेव्हा धोका वाढला. पुढील पडताळण्यांत हा संबंध सर्वत्र सारख्या ताकदीने आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

या संदर्भात लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे आत्मकथन पुराव्यासारखे वाचता येते. चोरी मुलांना शिकवावी कशी लागे आणि मार सोसण्याची सवय कशी लावली जाई, याचे त्यातील वर्णन जन्मजातपणाच्या कल्पनेला कोणत्याही सांख्यिकीपेक्षा अधिक धक्का देते. जे रक्तात असते त्याची शिकवणी कोणी लावत नाही.

अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या गेल्या. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले; मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावर ते व्यक्तीला लागू होते, जमातीला नाही. व्यवहारात पोलिसांची नजर बदलली नाही. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निर्णय दिला. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत तोवर स्वयंपाकाचे काम वरच्या जातींना आणि सफाईचे काम सफाईचा परंपरागत व्यवसाय असलेल्या जातींना देण्याची कलमे होती, तसेच विमुक्त जमातींतील कैद्यांना सराईत गुन्हेगार समजण्याची तरतूदही होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. कौन्सिलात १८७१ साली मांडलेला सुताराचा दृष्टान्त तुरुंगांच्या नियमावल्यांत १५३ वर्षांनंतरही टिकून होता.