हिशेब कोणाच्या मापाचा?

प्रवरेच्या काठी, नगर जिल्ह्यातील एका गावच्या दूध संस्थेत मी २८ वर्षे हिशेब लिहिला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते. १९९७ साली संस्थेत पहिला संगणक आला. चेअरमननी नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू वाहिले आणि सगळे मला म्हणाले, ‘भाऊसाहेब, आता कीर्द-खतावणीला सुट्टी!’ त्या यंत्राच्या आत हिशेबाची जी आज्ञावली बसणार, ती बाजारातली तयार घ्यायची की आपल्या मापाने करून घ्यायची, हे मात्र त्या दिवशी कोणी विचारले नाही. पुढे चार वर्षांनी ऐन दिवाळीत त्याचे उत्तर आम्हाला द्यावे लागले.

आज हाच प्रश्न किराणा दुकानदारापासून साखर कारखान्यापर्यंत सर्वांना पडतो. म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगावा असे वाटते.

हा प्रश्न आमच्या गावात सुरू झाला नाही. तो लंडनमधील चहाच्या दुकानांत सुरू झाला, असे म्हटले तरी चालेल. जे. लायन्स ही तिथली चहा आणि केक विकणारी मोठी कंपनी. तिच्या दुकानांचा रोजचा माल, नासाडी, पगार यांचा हिशेब कारकुनांच्या फौजेलाही आवरेना. त्या काळी व्यापारी हिशेबाचा संगणक कोणी विकतच नव्हते. तेव्हा या कंपनीने केंब्रिज विद्यापीठातील यंत्राच्या धर्तीवर स्वतःचा संगणक बांधला आणि आज्ञावलीही स्वतःच लिहिली. त्याचे नाव ‘लिओ’. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने बेकरीच्या मालाचा हिशेब केला. धंद्याच्या नित्याच्या कामासाठी संगणक राबवण्याचे ते जगातले पहिले उदाहरण मानले जाते. म्हणजे आरंभी सगळेच शिवून घ्यावे लागत होते. तयार कपड्यांचे दुकानच नव्हते.

ते दुकान उघडले १९६९ नंतर. तोवर आयबीएमसारख्या कंपन्या यंत्राबरोबर आज्ञावली देत आणि तिची वेगळी किंमत लावत नसत. १९६९ च्या जूनमध्ये आयबीएमने दोहोंची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विक्रीचा माल होण्याचा रस्ता मोकळा झाला. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत ‘सॅप’ ही कंपनी काढली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक एक रासायनिक कारखाना. त्याच्या कचेरीत बसून, त्याच्या गरजेप्रमाणे त्यांनी जे लिहिले, तेच सुधारून पुढे इतरांना विकले.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी नाही. बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका यांचा गिरण्यांना माल आणि यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. आपल्या हिशेबाला बसेल असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना. तेव्हा गणिताचे पदवीधर असलेले त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते लिहिले. १९८६ मध्ये कंपनी निघाली आणि त्यातूनच पुढे ‘टॅली’ घरोघरी पोहोचले. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आज ज्याला आपण बाजारातला तयार माल म्हणतो, तो असा एका बापाच्या धंद्याच्या मापाने मुलाने शिवलेला होता. तयार सॉफ्टवेअर घेताना हे ध्यानात ठेवावे. ते कोणाच्या तरी मापाचे असतेच. पाहायचे एवढेच, की ती व्यक्ती आपल्यासारखी आहे का.

आता पुन्हा आमच्या संस्थेकडे येतो. दूध संस्थेचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखा नसतो. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचे दूध मोजायचे, फॅट काढायची, डिग्री लावायची, त्यावरून एसएनएफ धरायचा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून दरपत्रक असते. त्याहून एकेक पॉइंट कमी-जास्त झाला की भाव खाली-वर होतो. दहा दिवसांनी पगार. आमच्याकडे दुधाच्या पैशाला पगारच म्हणतात. त्यातून पेंडेची बाकी, उचल, पतसंस्थेचा हप्ता कापायचा. घरातल्या बाईच्या हाती मीठ-मिरचीला जे पैसे येतात, ते याच पगारातून.

हे सगळे कोणत्या तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळणार? तालुक्याच्या गावी संगणकाचा क्लास चालवणाऱ्या एका तरुणाला आम्ही बोलावले. महिनाभर तो माझ्या शेजारी बसला. पहाटे दूध घालणाऱ्यांच्या रांगेतही उभा राहिला. त्याने ‘फॉक्सप्रो’मध्ये अशी आज्ञावली लिहून दिली की मी थक्क झालो. मला दोन दिवस आणि एक रात्र लागणारा पगार तासाभरात छापून निघू लागला. चार वर्षे आम्ही राजासारखी काढली.

२००१ च्या दिवाळीआधी दरपत्रक बदलले, तेही नुसते आकडे नव्हे, तर आकारणीची रीतच. आमचा तरुण तोवर पुण्याला नोकरीला लागून तिथून परदेशी गेला होता. त्याचा दोष नव्हता. आम्हीच त्याच्याकडून मूळ आज्ञावली मागून घेतली नव्हती. आमच्याकडे होती ती चालणारी प्रत. ती चालत होती, पण उघडून दुरुस्त करता येत नव्हती. नगरहून दोन जाणकार आले, पाहून गेले. शेवटी मी आणि दोन मदतनीसांनी धूळ झटकून जुनी रजिस्टरे काढली आणि दोन पगार हाताने केले. तरीही ऐन सणाचा पगार पाच दिवस लांबला. एक वयस्क सभासद बाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, पैसे माणसानं अडवले का मशिनीनं, तेवढं सांगा.’ मला उत्तर देता आले नाही. खरे तर ते आमच्या निष्काळजीपणाने अडवले होते.

पोळलेल्या संचालक मंडळाने मग दुसरे टोक गाठले. ‘आता तयारच घ्या, मागे कंपनी उभी असते.’ म्हणून २००२ मध्ये हिशेबाचे तयार पॅकेज घेतले. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सारे सुरेख निघू लागले. ऑडिटर खूष. पण त्याला फॅट ठाऊक नव्हती आणि डिग्रीही. काही दिवस आम्ही दूध त्यात कोंबून पाहिले. फॅटप्रमाणे मालाचे प्रकार पाडले, तेव्हा एकेका दिवसाला शेकडो नोंदी होऊ लागल्या. शेवटी वाटणी केली. दूध आणि पगार यांच्यासाठी नव्याने आज्ञावली करून घेतली. या वेळी मूळ प्रत संस्थेच्या तिजोरीत ठेवण्याची अट ठरावात लिहून. बाकीचा जमाखर्च तयार पॅकेजवर ठेवला. दर पगाराची एकूण रक्कम एका नोंदीने तिकडे न्यायची. मी निवृत्त होईपर्यंत हीच वाटणी टिकली.

ती का टिकली, हे मला पुढे कळले. जमाखर्चाचे नियम आमचे नव्हते, सगळ्यांचे होते. ते सरकार बदलते. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. नगरच्या हार्डवेअरच्या दुकानदाराने तयार पॅकेजची नवी आवृत्ती घेतली आणि तो पुढे चालू लागला. ज्यांनी साधे बिलही शिवून घेतले होते, त्यांना पुन्हा शिंपी शोधावा लागला. त्यात कापडही जुने होते. २००७ मध्येच मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले होते आणि २०१५ मध्ये त्याचा आधारही संपला. उलट दुधाचा भाव ही आमची खास गोष्ट. तिथे दुसऱ्याचे माप चालले नाही.

वारणानगरचे उदाहरणही बोलके आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारून शेतकऱ्याला बाजारभावापासून सरकारी दाखल्यांपर्यंत सारे देण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तर केंद्रावर येणारा शेतकरी मुख्यतः एकच विचारत होता, ‘माझ्या उसाचे वजन किती भरले?’ तेवढे काम साध्या मोबाइलच्या संदेशावरही होते, हे मग काही गावांत करून दाखवण्यात आले. माप घ्यायचे ते या प्रश्नाचे. यंत्र किती मोठे, हे नंतर.

आता काळाचा काटा सामाईक मापाकडे झुकला आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक शेती पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्वांना एकच सामाईक सॉफ्टवेअर. त्यामागचे कारण रास्त होते. राज्याराज्यांत वेगवेगळी सॉफ्टवेअरे होती, ती एकमेकांशी आणि जिल्हा बँकेशी बोलत नव्हती. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जांतील आणि बँकांकडील माहिती जुळवताना किती काळ गेला, ते आपण पाहिले आहे. कर्ज, व्याज, वसुली यांचे नियम सारखे असतील तर वहीही सारखी असावी.

पण सहकाराच्या आमच्या जिल्ह्याला एक आठवण द्यावीशी वाटते. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा मुद्दा कारखाना कोणाच्या मालकीचा हा होता. यंत्रे तर खाजगी कारखान्यांतही होती. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. तयार घ्या किंवा शिवून घ्या. आपली माहिती आपल्याला वाचता येईल अशा रूपात आपल्या कपाटात असली पाहिजे. शिवून घेतले असेल तर मूळ आज्ञावलीही असली पाहिजे. आणि संस्थेत एक तरी माणूस असा असावा, ज्याला तो हिशेब कागदावर करून दाखवता येईल.

त्या सभासद बाई पुढेही दर दहा दिवसांनी खिडकीशी येत. छापील चिठ्ठी पुढे करून विचारत, ‘हा भाव कसा निघाला?’ मी पेन्सिलीने फॅट, डिग्री, दर मांडून दाखवत असे. त्यांना लिहिता येत नव्हते, पण बेरीज चोख येत होती. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी मी आजही एवढेच विचारायला सांगतो, की खिडकीशी आलेल्या माणसाला ‘कसा निघाला’ याचे उत्तर आपण देऊ शकू का?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)