उन्हाळ्याचं कुरण आणि हिवाळ्याची गंजी : ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यातला वसंत



आजचा विषय इतिहासाचा आणि आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे, तेव्हा सुरुवात एका कबुलीने करतो. शिकवत होतो त्या काळात, नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यात एक सामाईक कुरण आहे, सगळ्यांना खुलं. प्रत्येक गुराखी विचार करतो की आणखी एक जनावर सोडलं तर फायदा माझा एकट्याचा, आणि गवताचा तोटा मात्र सगळ्यांत वाटला जाणार. सगळेच असा विचार करतात आणि कुरण संपतं. फळ्यावर हे इतकं नीट मांडता येतं की प्रत्यक्षात असंच घडतं का, हे तपासावं असं आमच्या मनातच आलं नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, आणि एका खोऱ्याच्या इतिहासाने आमचं ते उदाहरण पार हलवून टाकलं. आज त्या खोऱ्यात जाऊ.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात पश्चिमेला सब्लेट काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. पूर्वेला विंड रिव्हर पर्वतरांग, पश्चिमेला वायोमिंग रांग, आणि मधून ग्रीन रिव्हर ही नदी दक्षिणेकडे वाहत जाऊन पुढे कोलोरॅडोला मिळते. मधलं गाव पाइनडेल. गावाची उंची ७,००० फुटांच्या वर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा अडीच हजार फूट अधिक. वसंत म्हटलं की आपल्याला चैत्रपालवी आठवते, आंब्याचा मोहोर आठवतो. तिथे मार्चमध्ये शेतात बर्फ असतो, आणि त्या बर्फातच गायी व्यायला लागतात.

त्या हंगामात रँचवरचं कोणी धड झोपत नाही. रात्रीबेरात्री उठून गोठणीवर चक्कर मारायची, कोणती गाय अडली आहे ते पाहायचं. ओलं वासरू कडाक्याच्या थंडीत पडून राहिलं तर त्याचे कान गोठतात, कधी जीवही जातो. मग ते उचलून थेट स्वयंपाकघरात आणायचं, पुसून कोरडं करायचं, आणि ऊब आली की परत आईजवळ सोडायचं. दुसरीकडे गुरांना रोज चारा घालणं चालूच असतं, कारण खोऱ्यात हिरवं गवत यायला मे उजाडतो. हा चारा म्हणजे आदल्या उन्हाळ्यात कापून, वाळवून, गंजी रचून ठेवलेलं गवत. एप्रिल संपत आला की प्रत्येक घरातली नजर त्या गंजीकडे असते : पुरेल का?

हा प्रश्न तिथे कुठून आला, ते पाहण्यासारखं आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीला या खोऱ्यात गुरांचे पहिले मालक आले, तेव्हा चारा साठवण्याची पद्धत फारशी नव्हतीच. मोकळं रान, सरकारी जमीन, गुरं सोडून द्यायची. हिवाळ्यात ती आपलं आपण बघतील असा हिशेब. १८८९-९०च्या हिवाळ्याने तो हिशेब चुकवला. बर्फ इतका पडला की गुरांना खालचं गवत उकरता येईना. वसंतात बर्फ वितळला तेव्हा खोऱ्यात मेलेल्या गुरांचा खच होता. त्या हिवाळ्याला तिथले लोक ‘बरोबरी करणारा’ म्हणतात. ज्याची गुरं अमाप होती आणि ज्याची मोजकी होती, दोघेही एकाच पायरीवर आले. क्रूर विनोद आहे, पण त्यात एक सामाजिक सत्यही आहे. त्यानंतर जे टिकले ते गवत पिकवायला शिकले. ओढ्यांतून पाट काढले, वसंतात डोंगरावरचं वितळतं पाणी कुरणात फिरवलं, आणि गंज्या रचल्या.

आता यातून एक नवी अडचण उभी राहिली. नदीकाठच्या जमिनीवर हिवाळ्यासाठी गवत वाढवायचं, तर उन्हाळ्यात त्याच जमिनीवर गुरं चालत नाहीत. ती बाहेर न्यायला हवीत. म्हणून वसंतात गुरं आधी सखल, कोरड्या, सेजब्रशच्या झुडपांच्या माळावर सोडायची, आणि तिथून हळूहळू उत्तरेला, ग्रीन रिव्हरच्या उगमाकडच्या डोंगरी कुरणांत चढवायची. १८९०च्या दशकापासून चालत आलेल्या या वाटेला ‘ग्रीन रिव्हर ड्रिफ्ट’ म्हणतात. मुख्य वाट ५८ मैलांची, म्हणजे जवळजवळ ९३ किलोमीटर. ड्रिफ्ट म्हणजे आपसूक सरकत जाणं. हे नाव परतीच्या प्रवासावरून पडलं : शरदात थंडी पडली, वर बर्फ भुरभुरला, की गुरं कोणी न हाकता खाली उतरू लागतात. वसंतातलं चढणं मात्र आपसूक होत नाही. ते माणसांना करावं लागतं, आणि एकट्यादुकट्याला ते जमत नाही.

म्हणून निघण्याआधी वासरांना डाग द्यायचे. एका रँचवर आज, दुसऱ्यावर परवा, आणि शेजारीपाजारी सगळे हजर. कोणी घोड्यावरून फास टाकतो, कोणी वासरू धरतो, कोणी लस टोचतो, कोणी तापलेला लोखंडी ठसा लावतो. पोरंटोरं, आज्या-आजोबा, सगळ्यांना काम. मजुरी नाही, दुपारचं पोटभर जेवण, आणि तुमची पाळी आली की आम्ही येणार. आपल्याकडे याला सावड म्हणतात, काही भागांत इर्जिक म्हणतात. शब्द निराळा, व्यवहार तोच. आणि बघा, डाग म्हणजे मालकीची खूण. प्रत्येक घराची खूण वेगळी आणि ती सरकारदरबारी नोंदवलेली. आम्हांला इथे गंमत वाटली ती अशी, की गुरं एकत्र चारायची म्हणूनच आधी ‘हे माझं’ असं पक्कं सांगावं लागतं. सामाईकपणा आणि मालकी यांचं वैर आहे असं आपण पुस्तकात शिकतो. इथे एकावाचून दुसरं चालतच नाही.

मग वाट. पहाटे लवकर निघायचं, कारण ऊन चढलं की वासरं थकतात. मुक्कामाला पोचल्यावरही घोडेस्वारांची सुटका नाही. प्रत्येक गायीला आपलं वासरू सापडेपर्यंत, ते पिईपर्यंत, कळप तिथेच थोपवून धरायचा. आई चुकली तर वासरू मागे पळतं, जिथे शेवटचं दूध प्यायलं होतं त्याच जागी, मैलोन् मैल. त्यामुळे कळपाची गती कशाने ठरते? सगळ्यांत छोट्या वासराच्या पायांनी.

या सगळ्याची व्यवस्था लावायला १९१६ साली तिथल्या गुरेवाल्यांनी संघ स्थापन केला. उन्हाळ्यात वर गुरं राखायला स्वार नेमायचे, शरदात खाली आलेली गुरं खुणा पाहून वेगळी करायची, सरकारशी बोलायचं, हे संघाचं काम. सरकार तोवर मध्ये आलंच होतं. डोंगरी जंगलं राखीव झाली होती, १९०६पासून जंगलातल्या चराईवर शुल्क लागलं, आणि १९३४च्या टेलर कायद्याने खालच्या माळावरही परवाने आले. परवाना कोणाला? तर ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे आणि जनावरं सरकारी रानावर नसताना तो ती पोसू शकतो, त्याला प्राधान्य. थोडक्यात, उन्हाळ्यात कुरणावर तुमचा हक्क किती, ते तुमच्या हिवाळ्याच्या गंजीवरून मोजायचं.

इथे आम्ही थबकलो, कारण हा नियम आम्ही आधी वाचला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं १९९०चं पुस्तक, ज्या संशोधनासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाची हकिकत आहे. तिथला १५१७ सालचा नियम सांगतो, की हिवाळ्यात जितक्या गायी पोसू शकाल, त्याहून जास्त डोंगरावर पाठवायच्या नाहीत. कुठे आल्प्स, कुठे वायोमिंग! दोन्हीकडे हिवाळ्यानेच माणसांना एकच गणित शिकवलं. हार्डिनच्या कुरणात हिवाळा नव्हता. शेजारीही नव्हता. आम्ही फळ्यावर जे काढत होतो ते ‘खुलं’ कुरण होतं. ‘सामाईक’ कुरण ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक आम्ही विद्यार्थ्यांना सांगितला नाही, याची टोचणी आहे.

पण इथेच थांबलो तर दुसरी चूक होईल. ऑस्ट्रॉम यांच्या निकषांतला पहिलाच निकष सांगतो, की सीमा स्पष्ट हवी : कोण आत, कोण बाहेर. मग बाहेर कोण राहिलं? सर्वांत आधी शोशोनी लोक. १८६८च्या फोर्ट ब्रिजर कराराने त्यांची राखीव जमीन पर्वताच्या पलीकडे नेमली गेली. गुरेवाले आले तेव्हा खोरं ‘रिकामं’ होतं ते असं. मग फिरते मेंढपाळ. याच राज्यात, टेन स्लीपजवळ, १९०९च्या एप्रिलमध्ये गुरेवाल्यांनी मेंढ्यांच्या तळावर रात्री हल्ला करून तिघांना मारलं. पुढे कायद्याचं राज्य आलं, तसं बंदुकीचं काम परवान्याने केलं. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्याकडे गंजी नाही, आणि गंजी नाही त्याला कुरण नाही.

आमच्या श्रोत्यांना इथे आपला धनगर आठवावा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारा, पावसाळ्याआधी परत फिरणारा. त्याची गंजी म्हणजे वाटेवरच्या शेतकऱ्यांशी असलेले संबंध : तुमच्या शेतात मेंढ्या बसवतो, खत घ्या, धान्य द्या. वायोमिंगच्या मापाने मोजलं तर तो सामाईकाच्या बाहेरच पडेल. म्हणून तो नियम चांगला की वाईट, असं एका शब्दात सांगता येत नाही. तो कुरण वाचवतो, आणि माणसं निवडतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करतो.

शेवटी एक जागा सांगतो. पाइनडेलच्या पश्चिमेला ट्रॅपर्स पॉइंट नावाची चिंचोळी जागा आहे. प्रॉन्गहॉर्न नावाचा हरणासारखा प्राणी दर वसंतात तिथूनच उत्तरेला जातो. उत्खननात तिथे सुमारे ६,००० वर्षांपूर्वीच्या शिकारीचे अवशेष सापडले, आणि त्यांत गर्भातल्या पिल्लांची हाडं होती. म्हणजे शिकार वसंतातलीच. आज त्या जागेवरून महामार्ग जातो, आणि २०१२ साली प्राण्यांसाठी त्यावर पूल बांधला आहे. ड्रिफ्टची वाट २०१३ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. खोऱ्याच्या दक्षिण भागात आता नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत, आणि त्या कंपन्यांना हिवाळ्याची गंजी रचावी लागत नाही. त्यांचा हक्क कशाने मोजायचा, हा प्रश्न त्या खोऱ्यापुढे आहे. आपल्या गावच्या गायरानावर जेव्हा प्रकल्प येतो, तेव्हा तोच आपल्यापुढेही असतो.

वेळ संपली. तुमच्या गावी गायरान असेल, तर त्यावर कोणाचं जनावर चरायचं आणि ते कोण ठरवायचं, हे घरातल्या थोरांना विचारून या. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.