नातवंडांसोबत थीम पार्कची सहल: आजी-आजोबांनी तब्येतीची तयारी कशी करावी?

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की क्रांती चौकातल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, नातवंडं इमॅजिकाला चला म्हणतात. मी जाऊ का?" विचारणाऱ्यांपैकी कुणाला बीपी असतो, कुणाला शुगर, कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, तर कुणाचे गुडघे दुखत असतात. बहुतेकांना माझे उत्तर "जरूर जा, पण तयारीने जा" असेच असते.

लोकांना भीती वाटते ती उंच राइड्सची. प्रत्यक्षात बहुतेक आजी-आजोबा त्यात बसतच नाहीत. त्यांना त्रास होतो तो चुकलेल्या गोळ्यांमुळे, लांबलेल्या जेवणामुळे, उन्हामुळे, कमी प्यालेल्या पाण्यामुळे आणि "पोरांची मजा जायला नको" म्हणून लपवलेल्या दुखण्यामुळे. या सगळ्या गोष्टी आधी ठरवल्या तर टाळता येतात.

कुठे जायचे आणि किती दिवसांसाठी?

खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर, पुणे मार्गे ते सुमारे ३०० किलोमीटर आहे. गाडीने सहा-सात तास सहज लागतात. पहाटे निघायचे, दिवसभर पार्क पाहायचे आणि रात्री परत, असा बेत साठीच्या पुढच्या माणसासाठी करू नका. एक दिवस आधी जाऊन लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पार्क आणि तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास ठेवा.

एवढा प्रवास झेपणार नसेल तर शिर्डी जवळ आहे. तिथे मुलांसाठी वेट एन जॉय वॉटर पार्क आहे आणि साईतीर्थ या पार्कमध्ये बसून पाहण्यासारखे कार्यक्रम आहेत. जवळच्या ठिकाणी गेल्याने नातवंडांची मजा कमी होत नाही.

हंगामाचाही विचार करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीशीच्या पुढे जातो आणि खोपोलीकडे उकाड्यात दमटपणाची भर पडते. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. मे महिन्यातच जायचे असेल तर दुपारी १२ ते ४ ही वेळ सावलीत, बंदिस्त खेळांमध्ये किंवा जेवणात घालवा.

जाण्याआधी डॉक्टरांना कुणी भेटावे?

खालीलपैकी एकही गोष्ट लागू होत असेल तर तिकिटे काढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

- गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास, लकवा किंवा कोणतेही मोठे ऑपरेशन झाले आहे.
- दोन मजले जिने न थांबता चढताना छातीत दाब येतो किंवा धाप लागते.
- बीपीचा वरचा आकडा १६० किंवा खालचा १०० च्या पुढे राहतो.
- शुगर वारंवार कमी होते किंवा इन्सुलिनचा डोस नुकताच बदलला आहे.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.
- चक्कर येते, फिट येतात, किंवा अलीकडे पडणे झाले आहे.
- मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत वॉटर पार्कच्या पाण्यात उतरू नका.

तब्येत ठीक असली तरी तीन-चार आठवडे आधी चालण्याचा सराव सुरू करा. पार्कमध्ये दिवसभरात पाच-सात किलोमीटर चालणे सहज होते, शिवाय रांगेत उभे राहावे लागते. सिद्धार्थ उद्यानात किंवा विद्यापीठ परिसरात रोज १५ मिनिटांपासून सुरुवात करा आणि हळूहळू ४५ मिनिटांपर्यंत वाढवा. सहलीला जो बूट घालणार तोच सरावाला घाला. नवा बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घातला तर फोड येतात आणि शुगरच्या रुग्णात त्या फोडाची जखम होऊ शकते.

कोणत्या राइडमध्ये बसावे?

रोलर कोस्टरवर हृदयाचे ठोके किती वाढतात हे जर्मनीतल्या डॉक्टरांनी ५५ निरोगी लोकांवर मोजले आहे. मिनिटाला नव्वदच्या आसपास असलेले ठोके राइडमध्ये सरासरी दीडशेच्या पुढे गेले. तरुण, निरोगी हृदयाला हे चालते. आधीच रक्तपुरवठा कमी असलेल्या हृदयाला हा ताण महाग पडू शकतो.

*सहसा चालते:* बसून पाहण्याचे शो, संथ चालणारी बोट किंवा गाडी, मुलांची आगगाडी, परेड.

*डॉक्टरांना विचारून:* हलणाऱ्या खुर्चीचे सिनेमे, गोल फिरणारे पाळणे, मध्यम उंचीचे झोके. चक्कर किंवा मानेचा त्रास असेल तर हेही टाळा. बर्फाच्या दालनातल्या थंडीने दमा आणि छातीतले दुखणे वाढू शकते, म्हणून तिथेही विचारूनच जा.

*नको:* इमॅजिकाच्या नायट्रोसारखे उलटे फिरणारे रोलर कोस्टर, उंचावरून एकदम खाली सोडणाऱ्या राइड्स आणि वॉटर पार्कच्या उंच घसरगुंड्या. हृदयविकार, वाढलेला बीपी, ठिसूळ हाडे, मानेचा किंवा कमरेचा मणक्याचा आजार आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी यात बसू नये.

वॉरफेरिन, अॅसिट्रोम, क्लोपिडोग्रेलसारखी औषधे घेणाऱ्यांनी विशेष सांभाळावे. डोक्याला जोराचा हिसका बसला तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साठू शकते. याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात. सहलीनंतर वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वागणे, जास्त झोप येणे किंवा एका बाजूची ताकद कमी होणे, असे काही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा आणि सहलीला गेल्याचे आवर्जून सांगा.

औषधे, जेवण आणि पाणी

*गोळ्या:* मोजून दोन दिवसांच्या जास्त घ्या आणि दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा. चिठ्ठी, शेवटचा ईसीजी आणि स्टेंट किंवा पेसमेकरचे कार्ड यांचे फोटो तुमच्या आणि मुलाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये असू द्या.

*लघवीची गोळी:* "रस्त्यात सारखे उतरावे लागते" म्हणून अनेक जण ती परस्पर बंद करतात. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला त्यामुळे एक-दोन दिवसांत दम लागू शकतो. गोळी बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. याच कारणाने पाणी पिणेही टाळू नका.

*शुगर:* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतल्यावर जेवण लांबले तर शुगर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ अशी लक्षणे दिसली किंवा शुगर ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. बहुतेक पार्कांत बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि ग्लुकोज, बिस्किटे औषधांच्या पिशवीतच ठेवा. इन्सुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नका, ते निकामी होते.

*पाय:* वॉटर पार्कमधली फरशी उन्हात तापते. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांना चटका कळतच नाही आणि संध्याकाळी तळपायाला फोड दिसतो. पाण्यात चालतील अशा चपला घाला आणि रात्री दोन्ही तळपाय कुणाला तरी बघायला सांगा.

*प्रवास:* दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चाला. बसल्या जागी पावले वर-खाली हलवत राहा. चार तासांहून जास्त एकाच जागी बसल्याने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर दुर्लक्ष करू नका.

नातवंडांची जबाबदारी

"तुम्ही मुलांकडे बघा, आम्ही एक राइड करून येतो" हे वाक्य वॉटर पार्कमध्ये फार जपून बोलावे. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे ओरडत नाही, ते शांतपणे आणि काही सेकंदांत पाण्याखाली जाते. ज्यांना पटकन उठता येत नाही, धावता येत नाही, त्यांच्या एकट्याच्या भरवशावर पाण्यात मुले सोडू नका. लहान मुलापासून एक हाताच्या अंतरावर एक धडधाकट मोठा माणूस हवाच, मुलाने लाइफ जॅकेट घातले असले तरीही. मुलांच्या मनगटावर आई-बाबांचा फोन नंबर पेनने लिहून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचे: थांबण्याची सोय

आजी-आजोबा दुखणे लपवतात, कारण त्यांनी थांबायचे म्हटले तर सगळ्यांचीच सहल थांबते असे त्यांना वाटते. म्हणून निघण्याआधी घरातच ठरवा: आजी किंवा आजोबा थांबले तर मोठ्यांपैकी एक जण त्यांच्याजवळ बसेल आणि बाकीचे मुलांना घेऊन पुढे जातील. कोण बसणार हेही आधीच ठरवा. सहल मोडणार नाही हे कळले की माणूस वेळेवर सांगतो. सकाळी गेटवर गेल्यावर प्रथमोपचार केंद्र कुठे आहे आणि व्हीलचेअर मिळते का, एवढे विचारून घ्या. दिवसभरात दोन वेळा, न मागता, अर्धा-अर्धा तास सावलीत बसा.

ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका

- छातीत दाब किंवा जळजळ, जबडा, हात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, गार घाम, एकदम दम लागणे. शुगरच्या रुग्णांत छातीत न दुखताही हार्ट अटॅक येतो.
- तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे. लकव्याच्या उपचारात पहिले साडेचार तास मोलाचे असतात, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा.
- उन्हात अंग तापून बडबडणे, गोंधळणे किंवा शुद्ध हरपणे. हा उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला.

अशा वेळी १०८ ला फोन करा आणि प्रथमोपचार केंद्राला कळवा. रुग्णाला चालवू नका. सॉर्बिट्रेट आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, बसलेल्या स्थितीत जिभेखाली द्या. बीपी कमी असेल किंवा गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिल, टाडालाफिलसारखी गोळी घेतली असेल तर देऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ओआरएस शुगरच्या रुग्णाला चालते का?*
नुसती तहान भागवण्यासाठी साधे पाणी घ्या. खूप घाम, जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर ओआरएस चालते. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

*गुडघे बदलले आहेत, जाता येईल का?*
ऑपरेशनची जखम भरून नीट चालता येत असेल तर येईल. ओल्या फरशीवर सांभाळा, हिसका बसणाऱ्या राइड्स टाळा आणि काठी नेण्यात संकोच करू नका.

*परत आल्यावर काय करावे?*
एक दिवस विश्रांती घ्या, बीपी आणि शुगर तपासा. वजन एकदम वाढले, पायावर सूज आली किंवा थकवा तीन दिवसांनंतरही गेला नाही तर दाखवायला या.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या औषधांत कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*