आगबोट बुडाल्यावर

मुंबईस जाणें म्हणजे आगबोटींत बसणें, असा रत्नागिरी जिल्ह्यांत कित्येक पिढ्या अर्थ होता. हर्णे, दाभोळ, जयगड येथें पडावांतून जाऊन उतारू बोटीवर चढत. बोट बुडाल्यास मागें राहिलेल्यांनीं दाद कोठें मागावी, हा विचार थोड्यांच्याच मनांत येत असेल.

पण बोटी बुडत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ व ‘तुकाराम’ एकाच दिवशीं बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसास निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं.

अशा प्रसंगीं दावा झाल्यास कंपनीच्या वकिलाजवळ तीन ढाली असत. पहिली मुदतीची. १८५५ च्या कायद्यानें मृताची पत्नी, आईबाप व मुलें यांच्यासाठीं भरपाई मागतां येई. पण १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें एका वर्षाच्या आंत. दुसरी पुराव्याची. निष्काळजीपणा वादीनें शाबीत करावयाचा, आणि पाहणारे पुष्कळसे बोटीबरोबरच तळाशीं गेलेले. तिसरी सर्वांत भक्कम. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानें निर्दोष मालकाची प्राणहानीबद्दलची एकूण जबाबदारी जहाजाच्या दर टनास १५ पौंडांवर थांबे. ‘रामदास’ सुमारें ४०० टनांची. या मापानें ६,००० पौंड, म्हणजे तेव्हांचे ८०,००० रुपये होतात. सहाशें जिवांत वांटल्यास माणशीं १३३!

या मर्यादेमागें केवळ दुष्टावा नव्हता. एका वादळानें मालकाचें सर्वस्व जाऊं लागलें तर जहाजांत भांडवल कोण घालील, असा तो विचार होता. ‘रामदास’ची कंपनी तर स्वदेशी, लोक तिला प्रेमानें ‘माझी आगबोट’ म्हणत. तिचें दिवाळें निघणें कोंकणासही परवडणारें नव्हतें.

तथापि या तिसऱ्या ढालीस एक अट होती: आपण स्वतः निर्दोष आहों हें मालकानेंच सिद्ध करावयाचें. उतारू किती घेतले, हवा कशी होती, कचेरींत बसलेल्यांस काय ठाऊक होतें, यांचीं उत्तरें येथें कंपनीस द्यावीं लागत. आमच्या मतें कायद्यांतील खरा न्याय रकमेपेक्षां या प्रश्नांत होता. परंतु ते विचारले जाण्यासाठीं कोणी तरी वर्षाच्या आंत कोर्टाची पायरी चढावी लागे. आणि कर्ता गेलेल्या घरांतील विधवेचें पहिलें वर्ष तर पोरांच्या पोटाची तजवीज करण्यांतच सरून जाई.