सेव्हिल : वास्तू, उत्सव आणि शब्दांची साक्ष

दक्षिण स्पेनमधील सेव्हिल नगर पाहावयास जाणाऱ्याच्या हाती ज्या मार्गदर्शक पुस्तिका पडतात, त्यांत एक विधान बहुधा असते : ख्रिस्ती, मुसलमान व ज्यू या तीन समाजांच्या सलोख्यातून हे नगर घडले. पुराव्यादाखल येथील शब्द पुढे केले जातात. शब्दांची साक्ष घेणे हे भाषाभ्यासकाचे काम असल्याने तिची उलटतपासणीही त्यानेच करावयास हवी.

शब्द विपुल आहेत, यात शंका नाही. रोमनांच्या 'हिस्पालिस'चे अरबांनी 'इश्बीलिया' केले. अरबीत 'प' नसल्याने त्याचा 'ब' झाला आणि आंदालुसी उच्चारात मधला 'आ' 'ई'कडे झुकला. आजचे 'सेविया' हे स्पॅनिश रूप या अरबी नामावरून आले आहे, थेट लॅटिनवरून नव्हे. नदीचे 'बाएतिस' हे रोमन नाव लोपले; 'अल्-वादी अल्-कबीर' म्हणजे मोठी नदी, यावरून 'ग्वादलकिविर' रूढ झाले. त्यातील 'कबीर' मराठी वाचकास संतनामामुळे परिचित आहे. नगराध्यक्षास 'आल्काल्दे' म्हणतात. आपला 'काजी' तो हाच. 'आल्कासार' हे राजवाड्याचे नाव अरबी 'कस्र'वरून पडले आणि हा 'कस्र' बहुतेक विद्वानांच्या मते मूळचा लॅटिन 'कास्त्रुम'. म्हणजे घरचाच शब्द वेष पालटून घरी परतला! कॅथीड्रलच्या प्रांगणातील आंबट फळास स्पॅनिशमध्ये 'नारांहा' म्हणतात. संस्कृत 'नारंग' फारसी-अरबी मार्गाने तेथवर पोहोचला. आपले 'नारिंग' त्याच कुळातील.

परंतु शब्दांची उसनवारी म्हणजे सलोखा नव्हे. कास्तीलच्या तिसऱ्या फर्नांदोने दीर्घ वेढ्यानंतर २३ नोव्हेंबर १२४८ रोजी हे शहर घेतले, तेव्हा मुसलमान रहिवाशांनी ते रिकामे करून द्यावे अशी अट होती. लोक गेले, नावे राहिली. जुन्या मशिदीचेच कॅथीड्रल झाले व १४०१ मध्ये नव्या बांधणीचा निर्णय होईपर्यंत ती इमारत उभी होती. पुढे प्रांगण आणि ११९८ मध्ये पूर्ण झालेला मिनार एवढेच उरले. मिनारावर १५६८ पर्यंत घंटाघर चढविण्यात आले आणि शिखरावर वाऱ्याबरोबर फिरणारी मूर्ती बसली. 'फिरणे' या अर्थाच्या धातूवरून मूर्तीस 'हिराल्दा' म्हणत; कालांतराने ते नाव खाली उतरून साऱ्या मनोऱ्याचे झाले आणि मूर्तीच्या वाट्यास 'हिराल्दियो' हे लघुत्वदर्शक रूप आले.

कॅथीड्रलमधील राजकपेलात फर्नांदोची समाधी आहे. तो १२५२ मध्ये वारला. दहाव्या आल्फोन्सोने, म्हणजे त्याच्या पुत्राने, समाधीवर लॅटिन, कास्तीलियन, अरबी व हिब्रू अशा चार भाषांत लेख कोरविले. सलोख्याचा पुरावा म्हणून हे लेख वारंवार दाखविले जातात. मात्र ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत. देशाचे नाव अरबीत 'अल्-अंदलुस', हिब्रूत 'सेफराद' आहे. मृत्यूचे वर्ष अरबीत हिजरी ६५०, हिब्रूत ५०१२, तर कास्तीलियनमध्ये स्पॅनिश शकाचे १२९० आहे. येथवर औदार्यच दिसते. पण शहर विधर्मीयांच्या हातून हिसकावून ख्रिस्ती उपासनेस परत दिल्याचे जे कठोर विधान आहे, ते केवळ लॅटिन लेखात आहे. पाद्र्यांस एक सांगावयाचे आणि प्रजेस दुसरे, हा विवेक येथे स्पष्ट दिसतो. शिवाय ज्या शहरातून अरबी बोलणारे बहुतांशी निघून गेले होते, तेथे अरबी लेख कोणासाठी? माझ्या मते तो वाचकासाठी नव्हे, राजाच्या प्रतिष्ठेसाठी होता : चार भाषांवर आपली सत्ता आहे असे तो सांगतो. पुढे १३६४ मध्ये पेद्रो राजाने आल्कासारच्या दर्शनी भागावर 'ईश्वराविना विजेता नाही' हे ग्रानाडाच्या सुलतानांचे अरबी ब्रीद कोरविले, त्यामागेही हीच वृत्ती असावी.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. १३९१ मध्ये याच नगरातून ज्यूंच्या कत्तलींची लाट उसळली. १४९२ मध्ये त्यांची हद्दपारी झाली. बळाने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांस, मोरिस्कोंस, १६१० मध्ये आंदालुसियातून घालविण्यात आले. त्यांतील अनेकजण सेव्हिलच्याच धक्क्यावरून जहाजांत चढविले गेले. त्यांना समुद्राकडे नेणारी नदी ग्वादलकिविर होती. तिचे नाव बदलावे असे कोणास वाटले नाही. त्याचा अरबी अर्थ एव्हाना विस्मृतीत गेला असावा.

प्रसिद्ध एप्रिल-जत्रा मात्र वाटते तितकी प्राचीन नाही. एक बास्क आणि एक कातालान अशा दोन नगरसेवकांच्या सूचनेवरून १८४७ मध्ये ती गुरांचा बाजार म्हणून भरली. १९७३ पासून ती लोस रेमेदियोस भागात भरते. हजारांहून अधिक मांडव उभे राहतात, पण त्यांतील बहुतेक खासगी असल्याने परक्यास आमंत्रणावाचून प्रवेश नसतो. मध्यरात्री आल्काल्देच्या उपस्थितीत प्रवेशद्वारावरील दिवे लागतात. त्या गर्दीत या पदनामात कोणास 'काजी' ऐकू येत नाही.