नवशिक्याचा टाळ

गाणे शिकण्याची ओढ लागलेल्या सामान्य माणसाने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात फारसा सोपा नव्हता. रागदारीची विद्या घराण्यांच्या स्वाधीन होती आणि ती मिळवायची तर गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करण्याची तयारी लागे. पण ज्या काळात ही विद्या अशी दुर्मिळ होती, त्याच काळात देवळांच्या सभामंडपांतून संगीताची एक निराळी शाळा अव्याहत चालू होती. तिला दाखल्याची वही नव्हती, फी नव्हती, आणि आवाज कसा आहे याची चौकशी करण्याचा रिवाजही नव्हता. ती शाळा म्हणजे भजन.

नाशिक प्रांती या शाळेचा वृत्तांत त्र्यंबकेश्वरापासून सांगावा लागतो. ज्ञानेश्वरांचे वडील बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी तेथे आहे. पौष वद्य एकादशीच्या यात्रेस दिंड्या पायी येतात आणि आषाढीला नाथांची पालखी नाशिक, सिन्नर, नगर अशी मजल दरमजल करीत पंढरीस जाते. दिंडीत जो प्रथमच आला त्याची परीक्षा कोणी घेत नाही. त्याच्या हाती टाळ देऊन त्याला एखाद्या जाणत्या टाळकऱ्याच्या शेजारी उभे करतात. विणेकरी अभंगाची चाल लावतो, पखवाजी ठेका धरतो आणि टाळकरी तेच चरण मागून म्हणतात. चरण पुनःपुन्हा येत असल्यामुळे ज्याला तो पाठ नाही त्याच्याही जिभेवर थोड्या वेळात बसतो, आणि ज्याचा टाळ समेवरून ढळला त्याची चूक इतरांच्या नादात विरून जाते व शेजाऱ्याच्या हाताकडे पाहता पाहता तो पुन्हा जागेवर येतो. हरिपाठ हा तर नवख्याचा ओनामाच. शब्द ठरलेले, चाल सुगम, आणि नित्य सायंकाळच्या आवृत्तीने मुखोद्गत होणारा.

याच नाशिक क्षेत्री, ज्यांनी रागसंगीताचे बंद दार सामान्यांसाठी उघडले, ते विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) आयुष्याच्या उत्तरार्धात येऊन राहिले, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ गायन शिकला. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, वर्ग आणि परीक्षा यांच्या योगे गृहस्थाश्रमी माणसालाही सन्मानाने गाणे शिकता येईल अशी व्यवस्था लावून दिली. १९०८ साली मुंबईत त्याची शाखा निघाली. पण तेथील इमारत अखेरीस कर्जापायी लिलावात गेली. १९२२ च्या सुमारास त्यांनी नाशकात रामनाम आधार आश्रम स्थापिला. ज्यांनी विद्येला शिस्त, हजेरी आणि अभ्यासक्रम दिला, त्यांचेच चित्त आता हजेरीपटाची गरज नसलेल्या रामधुनीकडे वळले होते. एकाने म्हणावे आणि सर्वांनी मागून म्हणावे, एवढाच तिचा नियम. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमात हीच रीत रुजविली. तेथील प्रार्थनेला येणारे बहुतेक लोक गायक नव्हते. तरीही ते गात असत. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली तेव्हा खरे त्या यात्रेत होते.

परंतु त्याच महिन्यात, त्यापूर्वी दहाच दिवस, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी तो १९३५ पर्यंत नेटाने चालविला, तरी दार उघडले नाही. संत चोखोबांचे अभंग ज्या वारकरी संप्रदायात भक्तिभावाने गाइले जातात, त्यातील देवालयांचीच दारे चोखोबांच्या जातभाईंना बंद असावीत, ही विसंगती सनातन वहिवाटीच्या नावाखाली कितीही झाकली तरी झाकत नाही. तेव्हा भजनाच्या मोकळेपणाचे गुणवर्णन करताना ही नोंदही त्याच दप्तरात ठेवली पाहिजे. स्वर न येणाऱ्याला सामावून घेण्याचे औदार्य ज्या समाजाजवळ होते, त्यालाच माणसाला माणूस म्हणून सामावून घेणे मात्र फार जड गेले.

म्हणून आज एखाद्या भजनी मंडळाची योग्यता ठरवायची तर त्यातील बुवांच्या तानेवरून किंवा पखवाजाच्या बोलांवरून ती ठरवू नये. काहीच न येणारा मनुष्य दारात उभा राहिला असता त्याच्या हाती टाळ देण्यापूर्वी तेथे काय विचारले जाते, ते पाहावे; काही विचारले जात नसेल तर त्या मंडळाने परंपरेचा उत्तम भाग उचलला आणि हीन भाग टाकला, असे निःशंकपणे म्हणता येईल.